मॉनिटरच्या खोक्यातलं पाचवं पिल्लू

आमच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याइतकाच मान त्याच्या खोक्यांना मिळाला. दुकानदाराने बाबांना सांगितलं होतं, वॉरंटीत काही बिघडलं तर मूळ खोक्यासकट आणा. बाबांनी हे इतकं मनावर घेतलं, की वॉरंटी संपून गेली तरी मॉनिटरचं ते अगडबंब खोकं स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत, धुण्याच्या जागेवरच्या माळ्यावर, आडवं पडून राहिलं. आईने एकदोनदा विचारलं, "अहो, ते भंगारात देऊ का?" बाबा म्हणाले, "असू दे. लागतं." मराठी घरात 'लागतं' या शब्दापुढे अपील नसतं.

आणि ते खरंच लागलं. गव्हाणी घुबडांच्या एका जोडीला.

आम्ही सरकारी क्वार्टर सोडून, त्या खोक्यासकट, नुकतेच धायरीत राहायला आलो होतो. तिसरा मजला, तिन्ही बाजूंना ज्वारीची शेतं आणि समोर एक अर्धवट बांधलेली इमारत. गावातली माणसं शेतं विकत होती, आयटीतली माणसं फ्लॅट बुक करत होती आणि या देवघेवीत उंदरांची चंगळ चालली होती. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलची वरची पट्टी बिल्डर 'पुढच्या आठवड्यात' बसवून देणार होता. तो पुढचा आठवडा काही आला नाही, त्या फटीतून घुबडं मात्र आली.

आम्हाला आधी पत्ताच नव्हता. दिवाळीनंतर थंडी पडली आणि संध्याकाळी बाल्कनीतून हिस्स्स असा आवाज येऊ लागला. आईला वाटलं गॅस गळतोय. बाबांनी रेग्युलेटर बंद केला, सिलिंडरला साबणाचं पाणी लावून बघितलं. आवाज चालूच. शेवटी ताई स्टुलावर चढली, तिने खोक्यात टॉर्च मारला आणि तशीच उभी राहिली. मी खालून तिचा पाय ओढत होते, "काय आहे? सांग ना!" ती म्हणाली, "तू ये." आणि चक्क बाजूला होऊन तिने मला वर घेतलं.

खोक्यात पाच चेहरे होते. मधोमध कापलेल्या सफरचंदाच्या आकाराचे, पांढरेफटक, आणि दहाच्या दहा काळे डोळे माझ्याकडे लागलेले. मी आजवर पुष्कळ काही पाहिलं आहे. कामानिमित्त देशोदेशी हिंडले, बर्फाचे डोंगर पाहिले, पण छातीत असं लक्कन पुन्हा कधी हललं नाही. आमच्या घरात, आमच्या कपडे धुण्याच्या साबणाच्या वर, हे असलं काहीतरी जिवंत बसलं होतं आणि आम्ही खाली भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून भांडत होतो.

पिल्लं एका मापाची नव्हती. घुबडाची अंडी एकदम फुटत नाहीत, दोनतीन दिवसांच्या अंतराने फुटतात. त्यामुळे सगळ्यात थोरलं पिल्लू तांब्याएवढं, त्याच्याखालचं जरा लहान, असं करत करत पाचवं जेमतेम वाटीएवढं. ते सगळ्यांच्या मागे, खोक्याच्या कोपऱ्यात, इतरांच्या पायांत अडकून बसलेलं असे. मी घरातलं शेंडेफळ. शेंडेफळाने शेंडेफळाची बाजू घ्यायची असते. त्या क्षणापासून पाचवं माझं झालं.

बातमी जिन्यातून पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू सदाशिव पेठेतून इथे आल्या होत्या आणि धायरीवर त्यांचा आधीच राग होता. त्या दारातूनच म्हणाल्या, "घुबडं का? छान. आमच्याकडे चिमण्या येतात हो. ज्याची त्याची आवड." सोसायटीचे चेअरमन जिन्यात बाबांना थांबवून म्हणाले, "पाहुण्यांचा मुक्काम किती आहे? म्हणजे मेंटेनन्समध्ये धरायला बरं." बाबा दोघांनाही हसले. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच शकुन-अपशकुन गावाच्या वेशीबाहेर टाकून दिले होते. बाबा एवढंच म्हणाले, "घुबड आलं म्हणून वाईट होत नाही. पिल्लं उपाशी राहिली तर वाईट."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबा पुरवठा खात्यात अधिकारी होते. जन्मभर त्यांनी धान्य वाटलं, आणि वाटणी हा त्यांचा धर्म होता. ते लहान असताना गावजेवणात त्यांच्या वस्तीची पंगत सगळ्यात शेवटी, मांडवाच्या बाहेर बसायची. आतल्या पंगती उठेपर्यंत गोड संपून जायचं. "शेवटच्याला शेवटी मिळतं, असं समजू नका," ते आम्हाला सांगत, "शेवटच्याला मिळतच नाही." म्हणून आमच्या घरात कायदा होता: जो कापेल तो शेवटी उचलेल. आंबा असो, केक असो की कॉम्प्युटरवर बसायची वेळ असो. एकीने दोन भाग करायचे, दुसरीने आधी निवडायचं. या कायद्यामुळे ताई आंब्याच्या फोडी सोनाराच्या डोळ्यांनी करायची आणि मी त्या सोनाराच्याच डोळ्यांनी तपासायचे. आमच्या घरात अन्याय नव्हता. माया किती होती, हे मोजायला तेव्हा कुणाला सवड नव्हती. ताई इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर आलेले. मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आणि तिच्या वेळेतली पाच मिनिटंही न सोडणारी.

रोज दिवेलागणीला मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून, दारावरच्या काचेतून खोकं बघत बसे. अंधार पडू लागला की आई-घुबड आवाज न करता यायचं. पंखांचा इतकासुद्धा आवाज नाही. फटीत काही नसायचं आणि पुढच्या क्षणाला तिथे एक पांढरा पक्षी, चोचीत उंदीर. थोरलं पिल्लू पुढे सरसावायचं आणि उंदीर शेपटीसकट घशात. मग दुसरं पुढे. पाचवं मागून नुसतं हिस्स हिस्स करायचं. त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललाय, असं मला वाटे. मी जेवताना रडले तेव्हा आईने विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "पाचवं मरणार."

ताईने मग इंटरनेटवर शोधलं. तेव्हा इंटरनेट फोनच्या वायरीतून यायचं, कर्कश्श ओरडत यायचं आणि ते चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. पान वरून खाली हळूहळू उलगडायचं. ताईने मोठ्याने वाचून सांगितलं: अन्न कमी पडलं तर गव्हाणी घुबडाची मोठी पिल्लं लहान पिल्लाला खातात. पुढे अजून काहीतरी लिहिलेलं येत होतं, पण तेवढ्यात लाइट गेले. धायरीत तेव्हा संध्याकाळचं लोडशेडिंग ठरलेलं. अर्धं पान आमच्या हाती आलं आणि त्या अर्ध्या पानावर आमच्या घराने निर्णय घेतला.

बाबा म्हणाले, "वेगळं काढा त्याला. त्याचा वाटा त्याला वेगळा मिळाला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी हातात जुना टॉवेल घेऊन पाचव्याला उचललं. त्यांच्या बुटांच्या खोक्यात चिंध्या घालून, त्याच माळ्यावर दुसऱ्या टोकाला, त्याचं स्वतंत्र घर मांडलं. आईने कोंबडीची कलेजी आणून बारीक चिरून ठेवली. बाबांचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. पंगतीच्या ज्या टोकापर्यंत वाढप कधी पोचलं नाही, तिथे आज ते स्वतः वाढायला उभे होते.

पाचव्याने कलेजीला तोंड लावलं नाही. संध्याकाळी आई-घुबड आलं, मोठ्या खोक्यात उंदीर देऊन गेलं. पुन्हा आलं, पुन्हा तिकडेच. बुटांच्या खोक्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. आणि मोठ्या खोक्यातली चार पिल्लं त्या संध्याकाळी विचित्र वागत होती. मध्येच गप्प होत, मान वळवून बुटांच्या खोक्याच्या दिशेने बघत आणि एकदम फुसफुसत. मला वाटलं, खायला टपलीत मेली.

सकाळी मी उठून बघितलं तर पाचवं आडवं झालं होतं. डोळे अर्धे मिटलेले, पाय गार. त्या दिवसांत धायरीची थंडी म्हणजे नळाच्या पाण्यात हात घालवत नसे. मी किंचाळले. बाबा आले आणि त्यांनी पाहिलं. इतक्या निगुतीने काढलेला वाटा, आणि ज्याच्यासाठी काढला तेच चाललं होतं.

ताईला दुसऱ्या दिवशी परीक्षा होती. एका मोठ्या कंपनीची, जिच्यासाठी ती महिनाभर झोपली नव्हती. तिने पुस्तक मिटलं, पाचव्याला उचललं आणि इंटरव्ह्यूसाठी घेतलेल्या नव्या कोऱ्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरलं. घुबडाच्या पिल्लाला वास किती येतो हे ज्याने ते जवळ घेतलंय त्यालाच माहीत. आई म्हणाली, "अगं, स्वेटर!" ताई म्हणाली, "गप गं आई." ती गॅलरीतल्या उन्हात बसली आणि मला म्हणाली, "तू पुस्तक धर, मला प्रश्न विचार." मी प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती, आणि स्वेटरच्या गळ्यातून कधीतरी पांढरं टोक हलत होतं. मी तिच्याकडे बघत राहिले. ही माझी बहीण आहे, हे मला जणू त्या दुपारी कुणीतरी सांगितलं. तोवर ती माझ्या लेखी फक्त दुसरी फोड होती.

उन्हं उतरू लागली तेव्हा पाचव्याने डोळे पूर्ण उघडले. मग प्रश्न आला, ठेवायचं कुठे? मी म्हटलं, मोठ्या खोक्यात नको, ती खातील त्याला. ताई म्हणाली, "इथे एकटं तर ते नक्कीच मरतंय. तिथे निदान ऊब आहे." तिने स्टुलावर चढून पाचव्याला चौघांच्या मध्ये ठेवलं आणि हात काढून घेतला.

लाइट गेले. आम्ही चौघंही ओट्यावर चढलो. आई गॅसच्या शेगडीशेजारी, बाबा सिंकजवळ डोकं वाकवून, आणि मी ताईच्या कडेवर. त्या वयात कडेवर! पण मला खाली उतरायचं नव्हतं आणि तिने उतरवलं नाही. बाहेर शेतांवर अजून थोडा उजेड होता, तोच फटीतून खोक्यावर पडत होता.

थोरलं पिल्लू पाचव्याकडे वळलं. त्याने मान खाली घातली, चोच पाचव्याच्या डोक्यावर टेकवली आणि ते त्याच्या डोक्यावरचा कापूस हळूहळू विंचरायला लागलं. मग चौघं सरकली आणि पाचवं त्यांच्या मध्ये दिसेनासं झालं.

आई-घुबड आलं. उंदीर नेहमीप्रमाणे थोरल्याच्या चोचीत. तो चोचीतून लोंबत होता, गिळला की संपलं. पाचव्याने आतून आवाज दिला, बारीक, तुटका. थोरलं थांबलं. बाकीची तिघं आश्चर्य वाटावं इतकी गप्प होती. तोंडं उघडली नाहीत, पुढे आली नाहीत. थोरल्याने एकदा फटीकडे पाहिलं, आई-घुबड गेलं होतं. मग ते पूर्ण वळलं, वाकलं आणि तो उंदीर त्याने पाचव्याच्या चोचीत ठेवला. ठेवून सोडला नाही. पाचव्याला पेलत नव्हता, म्हणून त्याच्या घशाखाली उतरेपर्यंत थोरलं दुसरं टोक धरून उभं राहिलं.

आईने पदर तोंडाला लावला होता. मी हे पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर मीच विश्वास ठेवला नसता. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कुणी कायदा केला नव्हता, वाटायला कुणी उभं नव्हतं. आमच्या डोक्यावर, एका निरुपयोगी पुठ्ठ्याच्या खोक्यात, हे रोज चाललं असेल, आणि नेमकं ते घडायच्या वेळी आम्ही जेवायला जात असू. ताईचं अर्धं पान खोटं नव्हतं. ते अर्धं होतं, इतकंच.

मी बाबांना विचारलं, "पण बाबा, थोरल्याला भूक नव्हती का?"

बाबा ओट्यावरून उतरले आणि तिथेच फरशीवर बसले. मेणबत्ती लावल्यावर त्यांनी आम्हाला जे सांगितलं, ते आईलाही अर्धंच माहीत होतं. त्यांचे थोरले भाऊ, आमचे गावचे काका, वर्षातून एकदोनदा ज्वारीचं पोतं घेऊन यायचे, खुर्चीवर बसायला संकोचायचे आणि न बोलता जायचे. आम्हाला वाटायचं, काका शाळेत कधी गेलेच नाहीत. बाबा म्हणाले, "दादा माझ्यापेक्षा हुशार होता. घरातून एकालाच पुढे धाडणं शक्य होतं. मास्तरांनी नाव दादाचं काढलं होतं. दादा घरी आला आणि म्हणाला, मला नाही आवडत शाळा, बारक्याला धाडा. दुसऱ्या दिवसापासून वीटभट्टीवर गेला." मग म्हणाले, "नियमाने वाटणी झाली असती, तर भट्टीवर मी असतो. शाळा त्याला खरंच आवडत नव्हती का, हे मी त्याला कधी विचारलं नाही."

बाबांना आम्ही रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही ते रडले नाहीत. आमच्यापैकी कुणाकडे बघत मात्र नव्हते.

पुढे थंडी सरली. पाचवं भराभर वाढलं, वाटीचं तांब्याएवढं झालं. थोरलं आणि त्याच्या मागची तिघं एकेक करून खोक्याबाहेर पडली, समोरच्या अर्धवट इमारतीच्या खांबांवर बसून संध्याकाळी हाका मारू लागली. पाचवं खोक्याच्या तोंडाशी यायचं, पंख उघडायचं, पुन्हा आत जायचं. ताईला नोकरी लागली होती, तिची बंगळुरूला जायची तयारी चालली होती, आणि रोज संध्याकाळी बॅग भरता भरता ती मला विचारायची, "गेलं का गं?" मी म्हणायचे, "नाही." दोघींनाही ते बरं वाटायचं.

त्याच सुमारास काका आले. एका डोळ्यात मोतीबिंदू झाला होता, तो सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांना दाखवायचा होता. संध्याकाळी आईने त्यांना चहा दिला आणि बाबा म्हणाले, "दादा, ये, तुला एक गंमत दाखवतो." ओट्यावर चढायला काका तयार होईनात, म्हणून त्यांच्यासाठी बाल्कनीचं दार किलकिलं करून, दारातच स्टूल ठेवलं. काका बसले. पाचवं खोक्याच्या तोंडाशी होतं. समोरच्या खांबांवरून चौघांच्या हाका येत होत्या.

बाबांनी उंदराची सगळी हकीकत त्यांना सांगितली. थोरल्याने कसा चोचीतला उंदीर दिला, कसा धरून ठेवला. शेवटी ते म्हणाले, "मला वाटतं, त्या थोरल्याला भूक नसेल तेव्हा. हो ना दादा?"

काकांनी डोळे बारीक करून पाचव्याकडे पाहिलं.

"नसायला काय झालं?" ते म्हणाले. "लागली आसंल की. लईच लागली आसंल. थोरला हाय म्हून काय पोट न्हाई व्हय त्याला?"

बाबा खाली बसले. सरकारी अधिकारी, दोन मुलींचे बाप, केस पिकलेले. त्यांनी काकांच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं टेकवलं. काका गडबडले, पाय मागे घ्यायला लागले, "आरं बारक्या, काय करतुयास? पोरी बघत्यात." बाबांनी पाय सोडले नाहीत.

तेवढ्यात माळ्यावर पुठ्ठा करकरला. पाचव्याने पंख उघडले आणि या वेळी ते आत गेलं नाही. आमच्या डोक्यांवरून काहीही आवाज न होता एक पांढरं काहीतरी निघालं, फटीतून बाहेर पडलं, शेतावर एक झोक घेऊन समोरच्या खांबावर, चौघांच्या शेजारी, धडपडत का होईना, जाऊन बसलं. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

"आरं वर बघ की," काका म्हणाले, "बारकं पोचलं बघ."

बाबांनी मान वर केली नाही. काकांचा हात त्यांच्या डोक्यावर होता, आणि तो तिथून काढायची घाई काकांनाही नव्हती.